छाट आणि छाप

गरिबीतून श्रीमंतीकडे जाणाऱ्या महत्त्वाकांक्षी स्त्रीची कथा ऐतिहासिक कादंबरीच्या रूपाने मांडावयाची झाल्यास नायिकेची जिद्द रंगवणे हे लेखकापुढचे दुय्यम काम असते. पहिले काम असते ते शिडी शोधण्याचे, म्हणजे त्या प्रदेशात आणि त्या काळात पैसा कोणत्या पायऱ्यांनी वर जात होता आणि त्यांपैकी कोणत्या पायरीवर बाईमाणसाला पाय ठेवता येत होता, हे निश्चित करण्याचे. बार्बारा टेलर ब्रॅडफर्ड यांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ वुमन ऑफ सब्स्टन्स’ या कादंबरीने हा कथाप्रकार इंग्रजी वाचकांत अतोनात लोकप्रिय केला. यॉर्कशरमधील मोलकरीण एमा हार्ट तेथे दुकानदारीतून मोठ्या व्यापाराची मालकीण होते आणि वाचकाला ते पटते, कारण विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावे मालमत्ता बाळगण्याचा हक्क देणारा कायदा इंग्लंडमध्ये १८८२ सालीच झालेला होता. तोच साचा उचलून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील गोंदियात ठेवला, तर तो पहिल्या दोन प्रकरणांतच अडखळतो. गोंदियाच्या बिडी व्यवसायाची पार्श्वभूमी घेऊन अशी कादंबरी रचताना जो अनुभव येतो, त्याचे हे विवेचन आहे; त्यात कल्पनेपेक्षा हिशेबच अधिक येतो, याला इलाज नाही.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. परंतु कादंबरीच्या काळात हा मुलूख आधी मध्य प्रांत व वऱ्हाडात, १९५० नंतर मध्य प्रदेशात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात, असा एका आयुष्यात चार राज्यव्यवस्थांखाली वावरला. परिणामी नायिका घराचा उंबरा न ओलांडताही तिच्या आयुष्याची कागदपत्रे नागपूर, भोपाळ आणि मुंबई अशी विखुरतात. शहराला महत्त्व आले ते रेल्वेने. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने नागपूर-छत्तीसगढ हा जुना अरुंद मार्ग रुंद करून कलकत्त्याकडे वाढवला, पुढे सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारा छोट्या रुळांचा फाटा निघाला, आणि धान, लाख, इमारती लाकूड व तेंदूची पाने या चारही वस्तू जेथे एकत्र येतात असे हे जंक्शन झाले. बाजारपेठ अशा ठिकाणी वाढली, तरी त्या बाजारात उभे राहण्याचे भांडवल स्थानिक माणसाकडे क्वचितच होते.

बिडीचा धंदा मध्य प्रांतात रुजला त्याची हकीकतही रेल्वे आणि दुष्काळ यांच्याशी जोडलेली आहे. गुजरातेत १८९९-१९०० साली पडलेल्या भीषण दुष्काळाने अनेक कुटुंबे घराबाहेर पडली, आणि खेडा भागातील तंबाखूची जाण असलेल्या या लोकांना सातपुड्याच्या जंगलात तेंदूचे पान सापडले. पूर्वी बिडीसाठी आपट्याचे पान वापरले जाई; तेंदूचे पान त्याहून मऊ, वळवल्यावर न फाटणारे आणि वाळल्यावरही आकार धरून राहणारे असल्यामुळे त्याने आपट्याला मागे सारले. विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूर येथे मोठ्या प्रमाणावर सुरू झालेला हा उद्योग रेल्वेच्या रुळांबरोबर गोंदिया, भंडारा, नागपूर असा पसरला. स्वदेशीच्या चळवळीत सिगारेटऐवजी बिडी ओढण्याला वेगळीच प्रतिष्ठा लाभली आणि मागणी वाढली. पाने जंगलाची, तंबाखू गुजरातची किंवा निपाणीची आणि हात गोंदियाच्या बायकांचे, अशी ही विभागणी होती, आणि कादंबरीचा सगळा पेच या विभागणीतच दडलेला आहे.

बिडी वळण्याचे काम वरकरणी सोपे दिसते म्हणून ते येथे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे. पाने रात्री पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावी लागतात, नाहीतर सकाळी ती बोटांखाली चुरा होतात. सकाळी पत्र्याचा फर्मा, म्हणजे ठरावीक मापाचा चौकोनी तुकडा, पानावर ठेवून कैचीने तेवढेच पान कापले जाते. त्यानंतर मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई पानाच्या तुकड्यावर तंबाखूची चिमूट सारखी पसरते, पान एका बाजूने निमुळते वळवते, रुंद तोंड नखाने किंवा लहानशा पट्टीने आत दुमडते आणि निमुळत्या टोकाकडे सुताचे वेढे देते. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा बांधला जातो आणि चाळीस कट्ट्यांचा एक हजार होतो. मजुरी दिवसाची नसते, हजाराची असते. दिवसाला हजार हा सवयीच्या हाताचा आकडा समजला जातो. परंतु चूल, पाणी आणि लेकरे सांभाळून घरी बसणाऱ्या बाईने हजार दिले असतील, तर त्यात पाने कापणाऱ्या मुलीचा आणि तोंडे दुमडणाऱ्या म्हाताऱ्या सासूचा वाटा बहुधा मिसळलेला असतो, आणि तरीही वहीत नाव एकाचेच असते, तेही पुष्कळदा घरातील पुरुषाचे.

या कामात आयुष्य घालवलेल्या बायकांशी बोलणाऱ्या लेखकाला लवकरच एक गोष्ट उमगते. एका दिवसात किती बिड्या होत, असे विचारल्यास आकडा न मिळता उलट प्रश्न येतो, की पत्ता, म्हणजे तेंदूचे पान, कसा होता. पाने आणि तंबाखू कारखान्याकडून वजनाने तोलून दिली जातात आणि तेवढ्या मालात ठरलेल्या बिड्या भरून द्याव्याच लागतात; पाने भोकांची, डागाळलेली किंवा फाटकी निघाली तर कमी पडलेली पाने बाईने पदरमोड करून बाजारातून आणावयाची, हा या धंद्याचा अलिखित करार असतो. म्हणजे मालकाने दिलेल्या कच्च्या मालातील तोटा मजुराच्या अंगावर पडतो. कष्टाच्या जोरावर वर येणारी नायिका या कराराखाली कितीही जागली, तरी तिच्या कष्टाबरोबर तिची पदरमोडही वाढतच जाते, आणि ‘रात्रंदिवस राबून चार पैसे साठवले’ हे अशा कादंबऱ्यांतील हुकमी वाक्य गोंदियाच्या बाबतीत खोटे ठरते.

दिवसअखेर तयार माल देण्याचा प्रसंग तर कोणत्याही कादंबरीतून वगळता येण्याजोगा नाही. ओळीत बसलेल्या बायकांपुढे तपासनीस एकेक कट्टा उचलतो, तो तळहातावर तोलतो, अंगठ्याने बिड्यांची तोंडे चाचपतो, एखादी सैल किंवा वाकडी वाटली की ती मोडून बाजूला टाकतो, आणि कधी एका बिडीच्या निमित्ताने सगळा कट्टाच दूर सारतो. अशा नापास मालाला या धंद्यात ‘छाट’ म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही, आणि मोडलेल्या बिड्या सोडल्यास छाट बाईला परतही मिळत नाही. ती कारखान्याकडे किंवा मध्यस्थाकडे राहते आणि पुढे स्वस्तात का होईना, विकली जाते. निकष कोठेही लिहिलेला नसल्यामुळे बोलणाऱ्या बाईची छाट वाढते आणि गप्प बसणारीची कमी होते, हेही सर्वांना ठाऊक असते. या धंद्याविषयीच्या चौकशांत आणि कामगारांच्या मागण्यांत छाटीचा उल्लेख पुनःपुन्हा येतो आणि पुढे तिच्यावर मर्यादा घालणारे नियमही राज्यांनी केले, यावरून तिचे महत्त्व लक्षात यावे.

आता पैसा कोठे होता, ते पाहता येईल. तो तीन ठिकाणी होता आणि तिन्ही ठिकाणी नायिकेला दार बंद होते. पहिले ठिकाण पानांचे. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे गावाजवळच्या संकलन केंद्रावर, मुंशीपुढे मोजून द्यायचे, हे काम बायकांचेच. परंतु जंगलाचा ठेका लिलावात घ्यायचा तर हाती मोठी रोकड हवी. दुसरे ठिकाण तंबाखूचे. तो उधारीवर मिळे तो नात्यागोत्याच्या विश्वासावर, आणि १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसल्यानंतर परवाना, गोदाम व हिशेबवह्या यांचाही पसारा त्यास जोडला गेला. तिसरे आणि सर्वांत किफायतीचे ठिकाण म्हणजे छाप, अर्थात कट्ट्यावर डकवलेले रंगीत लेबल. गिऱ्हाईक बिडी मागते ती छापेच्या नावाने. वळणाऱ्या हातात कितीही कसब असो, लेबलाशिवाय त्या बिडीला परगावच्या बाजारात किंमत नाही. छाप रुजवण्यासाठी वर्षानुवर्षे तोटा सोसून माल पाठवीत राहावे लागते आणि तेवढी ऐपत ज्यांच्यापाशी होती, त्यांचीच घराणी उभी राहिली. गुजरातमधून येऊन गोंदियात बिडी व्यवसायात नावारूपास आलेले मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि जिल्ह्यातील महाविद्यालयीन शिक्षणाचा मोठा भाग त्या संस्थेने उचलला. म्हणजे या धंद्यातून उंची गाठण्याची कथा गोंदियाला अपरिचित नव्हती, ती स्त्रीच्या वाट्याला आली नव्हती एवढेच.

कायद्याचा आधार घेऊन ही अडचण सुटेल काय, असा विचार लेखकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. १९३७ च्या हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्याने विधवेला पतीच्या हिश्शावर हयातीपुरता हक्क दिला आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तो पूर्ण मालकीचा केला. पण ज्यावर हक्क सांगायचा ते आधी नवऱ्यापाशी असावे लागते! सुखवस्तू घरातील विधवेच्या कादंबरीला हे कायदे उपयोगी पडतात, भूमिहीन मजुराच्या विधवेच्या कादंबरीला नाही.

राहते ती एकच पायरी, आणि ती म्हणजे सट्टेदाराची. सट्टेदार हा मालक व मजूर यांमधला माणूस: तो कारखान्याकडून पाने आणि तंबाखू घेतो, आपल्या वस्तीतील बायकांकडून बिड्या वळवून घेतो, त्यांतील छाट स्वतः काढतो आणि उरलेला माल ठरलेल्या दराने कारखान्यात पोचवतो. ही व्यवस्था किती खोल रुजलेली होती, ते सर्वोच्च न्यायालयाच्या १९५७ सालच्या एका निकालावरून दिसते. सागरच्या एका बिडी कारखान्याच्या त्या प्रकरणात न्यायालयाने सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार असल्याचे मानले आणि ते, तसेच त्यांच्याकडे काम करणारे लोक, कारखाना कायद्याच्या अर्थाने त्या कारखान्याचे कामगार नाहीत, असा निर्णय दिला. मालकाच्या दृष्टीने सट्टेदार ही अशी भिंत होती, की तिच्यापलीकडच्या कोणाचीही जबाबदारी त्याच्यावर येत नव्हती. या पायरीला भांडवल फारसे लागत नाही, वस्तीतील ओळख लागते. आणि ओळख बाईपाशी भरपूर असते. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावे सट्टा घेऊन प्रत्यक्षात तो बाईने चालवणे ही त्या काळात सहज संभवणारी गोष्ट आहे. नायिकेला वर चढवायचे तर ती येथूनच चढू शकते.

परंतु येथेच कादंबरीचा स्वभाव पालटतो, आणि या कामातला सर्वांत उपयुक्त अनुभव तोच आहे. सट्टेदाराला मिळणारे ठरीव कमिशन इतके तुटपुंजे असते, की त्यावर घर चालेल, दौलत उभी राहणार नाही. दौलत येते ती छाटीतून. वीस बायकांनी प्रत्येकी हजार बिड्या आणल्या आणि त्यांतून शेकडा पाच बिड्या छाट म्हणून बाजूला पडल्या, तर रोज एक हजार बिड्या, म्हणजे एका बाईचे पूर्ण दिवसाचे काम, विनामोबदला हाती राहते. नायिकेने माया दाखवून छाट काढलीच नाही, तर कारखान्याच्या दारात तिचाच माल नापास होतो आणि तोटा तिच्या अंगावर येतो. तिने कारखान्याइतकीच छाट काढली, तर ती जेथल्या तेथे राहते. आणि तिने त्याहून थोडी अधिक काढली, तरच वर्षाअखेरीस तिच्यापाशी काही शिल्लक पडते. पहिल्या खर्ड्यात लेखक बहुधा तिला दयाळू सट्टेदारीण करतो, आणि तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापर्यंत आकडेमोड त्याला सांगते, की ही बाई बुडाली. मग लेखक कोठून तरी वारसा, गुप्तधन किंवा उदार शेठ आणतो आणि कादंबरी कादंबरी राहत नाही. तिला खरोखर श्रीमंत करायचे असेल, तर कालपर्यंत जिच्या शेजारी बसून तिने सूप धरले, त्याच शेजारणीचा कट्टा तिने एका संध्याकाळी तळहातावर तोलून बाजूला टाकलाच पाहिजे, आणि ते दृश्य लेखकाने टाळता कामा नये.

अशा नायिकेला खलनायिका ठरवणे हा दुसऱ्या टोकाचा आळस होय. तिची क्रूरता ही तिची नाही, तिच्यावर सोपवलेली आहे. तरीही ती निवडलेली आहे, कारण तिच्यासारख्या शेकडो बायकांनी ती निवड केली नाही. या दोन विधानांपैकी एकाच्या बाजूने कौल देण्याची घाई ऐतिहासिक कादंबरीला परवडत नाही.

कादंबरीच्या कथानकाला वळण देणारी आणखी एक नोंद न्यायालयाच्या दप्तरातच सापडते. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने १९४८ साली असा कायदा केला, की शेतीच्या हंगामात सरकार ठरवील त्या गावांत बिड्या वळण्यास बंदी घालता यावी. हेतू उघड होता, रोवणीला, म्हणजे भाताची रोपे चिखलात लावण्याच्या कामाला, मजूर मिळावेत. बिडी आणि रोवणी यांतील ही ओढाताण धानाच्या मुलखात कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही: चिखलात वाकून केलेल्या कामाची मजुरी काही आठवड्यांची आणि बिडीची मजुरी बारमाही, म्हणून बाई बिडीकडे वळे आणि मालगुजार, अर्थात गावाचा सारा वसूल करणारा जमीनमालक, चडफडे. या कायद्याखाली सागर जिल्ह्यात निघालेल्या हुकुमांविरुद्ध एका बिडी व्यावसायिकाने आणि एका बिडी कामगाराने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली व नोव्हेंबर १९५० मध्ये न्यायालयाने तो कायदा व्यवसायस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्द ठरवला. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांच्या निकालपत्रात, ज्यांना शेतात राबता येत नाही अशा दुर्बल व अपंग व्यक्ती, वृद्ध स्त्रिया आणि मुले यांचेही उत्पन्न या बंदीने बुडते, असा विचार आलेला आहे. घटनेच्या पहिल्याच वर्षी, मूलभूत हक्कांच्या एका महत्त्वाच्या निवाड्यात, बिडी वळणारी म्हातारी अशी निनावी हजेरी लावून जाते. मालकाचा हक्क आणि तिचे पोट हे दोन्ही त्या दिवशी एकाच बाजूला उभे होते, हा विरोधाभास नायिकेच्या तोंडून वदवण्यापेक्षा तिच्या धंद्यातून दाखवावा: बंदीच्या भीतीने ती आधीच पाने साठवते आणि बंदी उठताच तो साठा तिच्या कामी येतो.

विदर्भातील प्रत्यक्ष उदाहरणे या कल्पित नायिकेशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. उमरेड येथे १८९२ साली जन्मलेल्या जाईबाई चौधरी यांनी नागपूर भागात रेल्वे स्थानकावर ओझी वाहिली आणि पुढे त्या दलित मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या शिक्षिका झाल्या. त्यांचा उत्कर्ष मोठा आहे, पण तो संपत्तीचा नाही. अकोला जिल्ह्यातून आलेल्या कल्पना सरोज कमानी ट्यूब्ज या कंपनीच्या प्रमुख झाल्या आणि २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा उत्कर्ष संपत्तीचा आहे, पण तो मुंबईत घडला आणि अगदी अलीकडच्या काळात घडला. गावातच राहून, बिडीच्या काळात आणि बिडीच्याच धंद्यात वर जाणे हे या दोहोंहून अवघड प्रकरण आहे.

भाषेचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटतो. शेजारणीशी पोवारी किंवा झाडीबोली, मुंशीशी आणि शेठशी हिंदी, मुलाच्या मास्तरांशी शाळेतली मराठी, असे तिचे दिवसभराचे बोलणे असते, आणि संवादांत ते तसेच ठेवले म्हणजे ती कोणत्या पायरीवर कोणापुढे उभी आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

कादंबरी कोठे थांबवावी, याविषयी मात्र विचार करावा लागतो. तेंदूच्या पानांचा व्यापार १९६९ च्या वनोपज कायद्याने महाराष्ट्र शासनाकडे आला, कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ साली झाला, आणि यांपैकी कोणताही टप्पा शेवट म्हणून चालू शकेल. तथापि सर्वांत योग्य जागा १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याची आहे. तोपर्यंत नायिकेपाशी शहरात पक्के घर, गावाकडे थोडी धानाची जमीन आणि महाविद्यालयात जाणारा मुलगा असू शकतो, आणि तरीही धंद्याच्या एकाही कागदावर तिचे नाव नसते. या कायद्याच्या दुसऱ्या कलमात कंत्राटदार या संज्ञेची व्याख्या करताना मुंशी, ठेकेदार आणि सट्टेदार यांचा नामनिर्देश केला होता, आणि त्याच कलमात कर्मचारी या संज्ञेत घरी नेऊन बिड्या वळणाऱ्या कामगाराचाही समावेश केला होता. परवाना घेण्यासाठी नायिका स्वतःच्या नावाने अर्ज करते आणि अर्जासोबत तिला आपल्याकडे काम करणाऱ्या बायकांची यादी करावी लागते. ती यादी करण्यास बसते तेव्हा नवऱ्यांच्या नावांनी चालत आलेली जुनी वही तिच्या उपयोगाची राहत नाही, आणि प्रत्येकीला तिचे नाव विचारण्यासाठी तिला घरोघर जावे लागते.